नवी गाडी आली, सक्शन पाइप आलाच नाही

आज दुपारपासून फोनवर एकच फोटो फिरतोय. आपल्या गावच्या अग्निशमन दलाची नवी गाडी. लालभडक, दोन्ही अंगांवर मोठ्या अक्षरांत नाव, टपावर दिवे. खाली बदामांची रांग आणि "आता काळजी मिटली". त्या फोटोत मी नाही. फोटो काढला तेव्हा मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. विहिरीतलं पाणी पंपापर्यंत आणणारे सक्शनचे जाड काळे पाइप ज्या क्लॅम्पमध्ये अडकवतात, ते क्लॅम्प तिथे आहेत. नवेकोरे. आणि रिकामे.

विचारलं, तर उत्तर आलं, "दिवे, सायरन आणि रंगकामात पैसे संपले. पाइपांचं पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! तोवर आग लागणार नाही असं कुणी लिहून दिलंय?

घरी आले, हातपाय धुतले, तरी ते क्लॅम्प डोळ्यांसमोरून हलेनात, म्हणून लिहायला बसले. लांबेल. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

ज्यांनी बदाम दिले त्यांच्यासाठी साधा हिशेब. टाकी 5000 लिटरची. एका होजच्या, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या कापडी पाइपाच्या, नोझलमधून मिनिटाला सुमारे 450 लिटर पाणी जातं. म्हणजे अकरा मिनिटं. दोन होज चालवले तर साडेपाच. पेटलेला गोठा साडेपाच मिनिटांत विझत नाही. कडब्याची गंजी तर नाहीच, ती आत धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते. शहरात टाकी संपली की रस्त्याकडेच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या मोठ्या नळाला, गाडी जोडता येते. गावात विहीर असते, शेततळं असतं, ओढा असतो, आणि त्यातलं पाणी आपल्या पंपापर्यंत येतं ते त्या काळ्या पाइपातूनच. तो नसेल तर आपली गाडी अकरा मिनिटांची गाडी आहे, मग तिच्यावर कितीही दिवे लावा.

आणि मला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. गोठा पेटला त्या रात्री तर आपल्याकडे पाइप होता. तरी काय झालं ते माझ्याबरोबरच्या पाचही जणांना आठवत असेल.

रात्रीचे दोन वाजून गेले होते. गोठा, वर माळ्यावर सुका चारा. जुन्या गाडीत 3000 लिटर पाणी, ते सात मिनिटांच्या आत संपलं. गाडी आम्ही शहाण्यासारखी आधीच विहिरीच्या काठाला लावली होती. पाणी जेमतेम चार मीटर खोल. पंपावर मी होते. सक्शनचे दोन तुकडे जोडले, गाळणी लावून खाली सोडले, पाइपातली हवा काढणारा प्रायमर ओढला. व्हॅक्यूमचा काटा जरा हलला आणि परत खाली आला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. गाळणी पाण्याबाहेर आली का पाहिलं, नव्हती. व्हॉल्व्ह पाहिले, बंद होते. पंप नुसता कोरडा ओरडत होता आणि तिकडे होज धरून उभी असलेली दोन पोरं माझ्याकडे वळून वळून बघत होती. शेवटी जोडावरून हात फिरवला, तेव्हा बोटांना कळलं की हवा आत ओढली जातेय. कपलिंगमधला रबरी वॉशर. वाळून चिरलेला. महिनोन्महिने कुणी उघडून पाहिलाच नव्हता, आणि त्या कुणीमध्ये मीही येते. एकाने सायकलची ट्यूब फाडून आणली, जोडावर ताणून गुंडाळली, आणि पाणी चढलं.

मधे नऊ मिनिटं गेली होती.

त्या नऊ मिनिटांत गोठ्याच्या मालकीण आजी अंधारात जनावरं मोजत होत्या. दावी कापून सगळी बाहेर हाकलली होती, ती शेतभर पांगलेली. आजी एकेकीला नावाने हाक मारायच्या, थांबायच्या, हंबरणं ऐकू आलं की पुढचं नाव घ्यायच्या. एका नावाला त्यांनी चार वेळा हाक मारली.

मला अजून ते नाव ऐकू येतं. पुढे लिहिते.

लोकांना वाटतं पंप पाणी ओढतो. ओढत नाही. पंप आणि प्रायमर मिळून पाइपातली हवा काढतात, आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. म्हणून जगातला कितीही भारी पंप आणा, समुद्रसपाटीला 10.3 मीटरच्या वर पाणी असं चढणारच नाही, आणि प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर चढलं तरी खूप झालं. आणि जोडात फट राहिली तर हवा तिथूनच आत येते, पाणी राहतं विहिरीत. शेतावर मोटर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. फुटबॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाच्या व्हॉल्व्हमध्ये, काडी अडकली की काय होतं ते तो सांगेल. लाखो रुपयांच्या यंत्राचं आणि एवढ्याशा रबराचं नातं त्याला कळतं. बैठकीत बसलेल्यांना का कळत नाही?

मी वॉशर मागितले की "किरकोळ बाब" म्हणून ते यादीत खाली जातात. अडॅप्टर मागितले, तेच. शेजारच्या गावच्या पंपाला आट्यांचे जोड आहेत, आपल्या 63 मिलिमीटरच्या होजला खटक्याचे. एकमेकांना बसत नाहीत. उद्या ते आपल्या मदतीला आले तर दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील आणि मधे पाणी जाणार नाही. 1904 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बाल्टिमोर शहर पेटलं तेव्हा नेमकं हेच झालं. वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून बंब धावत आले, आणि त्यांच्या होजचे जोड तिथल्या हायड्रंटना बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. माणसं आली होती, यंत्रं आली होती, पाणी होतं. जोड नव्हता. शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि आपण दोन अडॅप्टर "किरकोळ" म्हणतोय.

हो, जुन्या गाडीचे ब्रेक भरवशाचे राहिले नव्हते, नवी हवीच होती, मान्य. फोटो बघून चार नवी पोरं दलात येतील, तेही मान्य.

पण ती पोरं आल्यावर त्यांच्या हातात काय देणार? हेल्मेट सहा आहेत, त्यातल्या दोनांचे पट्टे तुटलेत. गवताची आग झोडपायला झोडपणी आणि पाठीवरचे पंप मागून दोन वर्षं झाली. धुरात जायचे श्वसनसंच दोन, त्यातल्या एकाच्या सिलिंडरची दाबचाचणी कधी झाली ते कुणी सांगू शकत नाही. आणि नवी गाडी चालवणार कोण? 5000 लिटर म्हणजे पाच टन पाणी. टाकी अर्धी असली की ते वळणावर आतल्या आत एका अंगाला जातं आणि गाडीलाच ढकलतं. आत आडव्या पत्र्यांचे कप्पे असतात, तरी. भरलेल्या टाकीने, रिकाम्या टाकीने, रात्री, कच्च्या रस्त्यावर सराव हवा. त्याच्या डिझेलचा विषयसुद्धा आज निघाला नाही.

थोडी शांत होते. पैसे देणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी मनापासून दिलेत, आणि गाडी दिसते, तिच्यावर नाव लिहिता येतं. वॉशरवर कुणाचं नाव लिहिणार? हे मला समजतं. पण मग ज्यांना समजतं त्यांनी बोलायला नको का?

1736 साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी स्वयंसेवी दल काढलं तेव्हा सभासदांच्या हाती होत्या चामडी बादल्या, आणि घरातलं सामान बाहेर काढायला पिशव्या-टोपल्या. पण त्यांनी करारातच घातलं की प्रत्येकाने आपल्या बादल्या कायम नीट, वापरण्याजोग्या ठेवायच्या. महिन्याच्या बैठकीला न येणाऱ्याकडून छोटा दंड घ्यायचे, आणि त्या दंडातून शिड्या, ओढायचे लांब आकडे आणि बंब घेतले. आधी बादली नीट ठेवायची शिस्त, मग बंब. मला हा क्रम फार आवडतो. चामडंही रबरासारखंच, न बघता ठेवलं की तडकतं. त्या लोकांना ते माहीत होतं.

आपल्यातही माहीत असलेला एक माणूस आहे. शेडमध्ये होज सुकवणारे काका. दर आगीनंतर सगळे घरी जाऊन झोपतात तेव्हा ते एकटे होज धुतात, उंच टांगतात, पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळत नाहीत, नाहीतर कापड कुजतं. घडी दर वेळी जागा बदलून घालतात, कारण एकाच जागी मोडलेला होज तिथेच फुटतो. इतकी वर्षं त्यांच्या हातचा होज आगीवर फुटलेला मी पाहिला नाही. आजच्या फोटोत तेही नाहीत. फीत कापून झाल्यावर ते माझ्याजवळ आले, क्लॅम्पकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पाइप कुठायत गं?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्यांच्याकडे उत्तर आहे ते तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसून फोटो काढून घेत होते. हे लिहिताना परत संताप होतोय, म्हणून इथेच सोडते.

"जुने पाइप आहेत की," असं कुणीतरी फोटोखाली लिहिलंय. आहेत. त्यांचं तोंड 75 मिलिमीटरचं, नव्या पंपाचं 100. बसत नाहीत. ज्यांनी लिहिलं त्यांनी एकदा शेडमध्ये येऊन मोजून पाहावं.

तासाभरापूर्वी काकांचा फोन आला. शेडच्या कोपऱ्यातल्या पेटाऱ्यात त्यांना एक पितळी रिड्यूसर, म्हणजे लहान तोंड मोठ्याला जोडणारा तुकडा, सापडलाय. आटे साफ करून ठेवलेत म्हणाले. पाणी कमी येईल, पण येईल. नवे वॉशर मी गेल्या महिन्यातच स्वतः आणून ठेवले होते, सहा आहेत. उद्या सकाळी सात वाजता नव्या गाडीला जुने पाइप लावून बघणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी या, बूट घालून या.

जागा आजींची विहीर. त्यांना विचारायला मघाशी जाऊन आले. दार उघडून त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये. सकाळी मोटर बंद ठेवते."