‘ब्रिक्स्टनमध्ये बघायला आहेच काय?’ या म्हणण्याला उत्तर

लंडनच्या ब्रिक्स्टन भागात कॅरिबियन वंशाचे लोक आपल्याच वस्तीतून पायी फिरवून तिथला वारसा दाखवतात. या फेऱ्यांबद्दल एक मत हल्ली बरंच फिरतं आहे. ते थोडक्यात असं: तिथे ना किल्ला ना राजवाडा, मग दाखवणार काय? १९४८ मध्ये ब्रिटिश सरकारने बोलावलं म्हणून ही माणसं आली, पुढे दंगलींमुळे वस्तीचं नाव झालं. रहिवासी सांगतात तो इतिहास नव्हे, नुसती गाऱ्हाणी. आणि अशा फेऱ्यांमुळेच जुन्या वस्त्या महाग होतात. यातली जवळजवळ सगळी विधानं चुकीची आहेत.

सरकारने बोलावलं, या विधानापासून सुरुवात करू, कारण बाकीचा गैरसमज त्यावरच उभा आहे. ‘एम्पायर विंडरश’ या जहाजाचे प्रवासी २२ जून १९४८ रोजी टिलबरी बंदरात उतरले. एकूण प्रवासी हजाराच्या थोडे वर होते आणि त्यांतल्या ८०२ जणांनी आपलं शेवटचं वास्तव्य कॅरिबियन प्रदेशात असल्याचं नोंदवलं होतं. कुणाच्याही खिशात सरकारी आमंत्रण नव्हतं. जमैकाच्या वर्तमानपत्रात स्वस्त तिकिटाची जाहिरात आली होती, साडेअठ्ठावीस पौंडांची. पैसे जमवून लोक निघाले. ते ब्रिटिश प्रजाजन होते, येण्याचा हक्क त्यांना होताच. कित्येकांनी महायुद्धात ब्रिटनसाठी गणवेश घातला होता. आणि सरकारी बाजूचं स्वागत कसं होतं? त्याच दिवशी सत्ताधारी मजूर पक्षाच्या ११ खासदारांनी पंतप्रधान ॲटलींना पत्र लिहून अशा स्थलांतराला आवर घालण्याची मागणी केली. लंडन ट्रान्सपोर्टने बार्बाडोसला जाऊन थेट भरती सुरू केली ती १९५६ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी.

ती सुरुवातही नव्हती. ‘ऑर्मोंड’ आणि ‘अल्मान्झोरा’ ही जहाजं १९४७ मध्येच कॅरिबियन प्रवासी घेऊन आली होती. जमैकाचे डॉक्टर हॅरल्ड मूडी तर १९०४ मध्ये लंडनला आले आणि दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागात त्यांनी दवाखाना चालवला.

मग वस्ती ब्रिक्स्टनमध्येच का झाली? याचं उत्तर पायी चालल्याशिवाय नीट कळत नाही. विंडरशवरच्या ज्या दोनशेहून अधिक लोकांची राहायची सोय नव्हती, त्यांना क्लॅपहॅम साउथच्या भुयारी आसऱ्यात ठेवलं गेलं. बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी युद्धकाळात खोल खणलेली ती जागा. तिथून सर्वांत जवळचं रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होतं. माणसं काम शोधायला तिकडे गेली, आसपास खोल्या शोधू लागली आणि तिथेच राहिली. नकाशावर हे दोन ठिपके असतात. ते अंतर चालून गेलं की नव्या शहरात आदल्या दिवशी उतरलेल्या माणसाला कामासाठी कुठवर जाता येईल, हे लक्षात येतं.

खोली मिळणंही सोपं नव्हतं. ‘रंगीत लोकांना नाही’ असे कागद खिडक्यांत लागलेले असत आणि बँका कर्जासाठी दारात उभं करत नसत. यावर जमैकन लोकांनी गावाकडची सोय वापरली, तिचं नाव ‘पार्डनर’. ही सरळ सरळ आपली भिशीच. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम एका विश्वासू माणसाकडे, बहुतेकदा एखाद्या बाईकडे, द्यायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी रक्कम उचलायची. त्या पैशातून घरांसाठी आगाऊ रकमा भरल्या गेल्या. दक्षिण लंडनमधल्या विटांच्या साध्या घरांसमोर उभं राहून ही गोष्ट ऐकली, की ‘दाखवायला काही नाही’ म्हणणाऱ्याने घराच्या किमतीकडे पाहिलं, ते घेतलं कसं हे विचारलंच नाही, असं मला वाटतं.

शिवाय ब्रिटनच्या वारसा यादीलाही हे म्हणणं मान्य नाही. ब्रिक्स्टनच्या बाजारातल्या जुन्या छपरी पेठा पाडून पुनर्विकास करण्याची योजना निघाली, तेव्हा रहिवासी आणि दुकानदार विरोधात उभे राहिले. २०१० मध्ये त्या पेठांना संरक्षण मिळालं, आणि त्यामागचं एक मुख्य कारण म्हणजे कॅरिबियन समाजाच्या जडणघडणीत या बाजाराचं असलेलं स्थान. नक्षीकाम किंवा घुमट हे कारण नव्हतं.

दंगलींचं म्हणाल तर त्या झाल्या आणि फेरीत त्या लपवत नाहीत. पण एप्रिल १९८१ ची गोष्ट पहिल्या दगडापासून सुरू करणं हा लबाडपणा आहे. त्याआधीच्या काही दिवसांत ‘स्वॉम्प ८१’ नावाच्या मोहिमेत साध्या वेशातल्या पोलिसांनी याच भागात ९४३ लोकांना अडवलं होतं. त्या काळी नुसत्या संशयावरून पकडण्यासाठी १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा वापरला जाई. वर्षाच्या सुरुवातीलाच लंडनच्याच न्यू क्रॉस भागातल्या आगीत १३ कृष्णवर्णीय तरुण मुलंमुली गेली होती आणि तपासाबद्दल समाजात तीव्र संताप होता. १९८५ च्या दंगलीचंही तसंच: त्याआधी पोलिसांनी ब्रिक्स्टनच्या रहिवासी चेरी ग्रोस यांच्या घरात त्यांच्या मुलाला शोधायला घुसून त्यांच्यावर गोळी झाडली होती. त्यांचे पाय कायमचे गेले. आज ब्रिक्स्टनच्या विंडरश चौकात त्यांचं स्मारक आहे, एकाच खांबावर पेललेलं छप्पर. आई घर कसं तोलून धरते ते त्या खांबाकडे पाहून मुलांनाही समजतं.

सर्वांत जास्त राग मला ‘रहिवाशांचा इतिहास म्हणजे गाऱ्हाणी’ या वाक्याचा येतो. हा इतिहास जपला कुणी? २५० ब्रिक्स्टन रोडवर, रेकॉर्डच्या दुकानाच्या वर, त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स यांनी १९५८ मध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ सुरू केलं. त्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये कॅरिबियन लोकांवर हल्ले झाले, तेव्हा जानेवारी १९५९ मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये त्यांनी कार्निव्हल भरवला. ब्रिक्स्टनमध्येच, १६५ रेल्टन रोडवर, त्रिनिदादचे इतिहासकार आणि क्रिकेटवरचे लेखक सी. एल. आर. जेम्स राहिले आणि १९८९ मध्ये तिथेच वारले. आपल्याकडचे क्रिकेटवेडे त्यांना ओळखतात. १९८१ मध्ये लेन गॅरिसन आणि सहकाऱ्यांनी ‘ब्लॅक कल्चरल अर्काइव्ह्ज’ उभारायला घेतलं, कारण या समाजाची कागदपत्रं, फोटो, पत्रकं दुसरं कुणी जपत नव्हतं. २०१४ मध्ये विंडरश चौकात त्याला कायमची इमारत मिळाली. फेरीत सांगितलेली गोष्ट तिथे जाऊन कुणालाही पडताळता येते.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते १० किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलं. संग्रहालयाला स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली होती, ती २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांच्या निर्णयाने मिळाली. तेही लंडनच्या रांगेतलं एक घरच आहे. त्याचं मोल ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच आग्रह धरला.

राहिला महागाईचा मुद्दा. ब्रिक्स्टनची भाडी वाढली आहेत आणि जुनी माणसं बाहेर ढकलली जात आहेत, हे खरं आहे. पण दोष फेरीचा नाही. अटलांटिक रोडवरच्या रेल्वे कमानींखालचे जुने दुकानदार २०१५ नंतर नूतनीकरणासाठी हलवले गेले, तो जागामालकाचा निर्णय होता. २०२० मध्ये बाजारातल्या ‘नूर’ या किराणा दुकानावर जागा सोडायची वेळ आली, तेव्हा रहिवाशांनी मोहीम उभारली आणि दुकान राहिलं. लंडनला गेलात तर स्थानिक माणसाच्या फेरीचेच पैसे भरा, आणि नंतरची खरेदीही त्याच बाजारात करा: प्लँटेनची केळी, खारवलेला मासा, याम नावाचा कंद आणि डोळ्यांत पाणी आणणारी स्कॉच बॉनेट मिरची.