भेटीचा हक्क मुलाचा

नमस्कार,

प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, माझ्या लेखात तुरुंगातल्या बाबांबद्दल माया आहे, पण ज्या घरातला माणूस त्यांच्या हातून गेला त्या घराबद्दल अवाक्षर नाही. त्या घरातली मुलं तर वडिलांना काचेआडूनही भेटू शकत नाहीत. शिवाय लहान मुलांना तुरुंगात न्यावंच कशाला, आणि माझ्या मुलीलाही मी नेणार का, असं तुम्ही विचारलंय.

त्या घराबद्दल मी लिहीत नाही, कारण तो अधिकार मला नाही. माझ्याच वडिलांनी त्यांचा माणूस मारला आणि वर त्यांचं दुःख मीच सांगत बसायचं, हे मला जमणार नाही. त्या मुलांचं नुकसान माझ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे आणि ते भरून येणारं नाही. बाबांना झालेली शिक्षा मला योग्यच वाटते. पण बापावर जीव असणं म्हणजे त्याच्या गुन्ह्याला पाठीशी घालणं, असं तुम्ही गृहीत धरलंय. तिथे माझा तुम्हाला ठाम विरोध आहे.

राहिला मुलांना लांब ठेवण्याचा प्रश्न. आमच्या घरी तेही करून पाहिलं गेलं. बाबा कामासाठी लांब गेलेत, असं धाकट्या भावाला सांगितलं होतं. मग ते फोन का करत नाहीत? त्याने स्वतःच उत्तर शोधलं: मी त्रास द्यायचो म्हणून ते रागावून निघून गेले. कितीतरी दिवस तो घरात अगदी शहाण्यासारखा वागत होता, आणि मोठ्यांना त्याचं कौतुक वाटत होतं! मोठी माणसं गप्प राहिली की मूल सगळा दोष स्वतःकडे घेतं. खरं कळल्यावर तो खूप रडला, पण निदान आपल्यामुळे काही झालं नाही, हे तरी त्याला समजलं.

शिक्षा लांबलचक असली की भेटीही बदलत जातात. सुरुवातीला बोलायला वेळ पुरत नाही, नंतर विषयच उरत नाहीत. बाबा मागच्या भेटीत ऐकलेल्या मैत्रिणीची चौकशी करायचे, तोवर आमची कट्टी होऊन तिसरीच कुणी जिवलग झालेली असायची. मग मी गणिताची वही न्यायला लागले. झडतीत तिचं पान न् पान उलटून बघायचे. आत गेल्यावर मी वही काचेला टेकवून धरायची आणि बाबा पलीकडून बोट ठेवून रिसीव्हरमध्ये सांगायचे, ‘हातचा विसरलीस.’ मी तिथेच खोडून दुरुस्त करायची. बाप म्हणून त्यांना माझ्यासाठी करता येण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते मला हवं होतं.

पुढे मोठी झाल्यावर, त्यांनी काय केलं ते पुरतं समजलं, तेव्हा मी काही काळ जाणं बंद केलं. तो निर्णयही माझाच होता. भेट कैद्याला मिळालेली सवलत मानली की ती शिस्तभंगासाठी काढून घेता येते, तशीच मुलावर लादताही येते. मुलाचा हक्क मानला तर दोन्ही करताना मुलाचा विचार करावा लागतो.

हे काही मी एकटीच म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातल्या नवव्या कलमानुसार, आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्काचा हक्क आहे. मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच तो नाकारता येतो. आईवडील कैदेत असतील तर ते कुठे आहेत याची आवश्यक माहिती मागितल्यावर सरकारने द्यावी, हेही त्याच कलमात आहे. तीही मुलाच्या हिताला बाधा येणार नसेल तर. याच कराराचं कलम दोन सांगतं की, आईवडिलांच्या कृत्यांपायी मुलाला शिक्षा होता कामा नये. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्याच 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांनी शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क सरसकट तोडायला मनाई केली आहे. स्त्री कैद्यांसाठीचे 2010 चे बँकॉक नियम तर मुलांची झडती कशी घ्यावी इथपर्यंत जातात: संवेदनशीलतेने, त्यांचा मान राखून. तुरुंगाचं वातावरण मुलांसाठी वाईट आहे हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यासाठी भेटीची जागा सुधारायला हवी.

आणि हो, मुलीला मी नेते. निघण्याआधी झडती होईल, आजोबा काचेपलीकडे असतील, हे तिला सांगते. त्यांनी काय केलं तेही तिला झेपेल इतपत सांगितलंय. तिला यायचं नसेल त्या दिवशी मी एकटी जाते.