दहाचा फरक

"सर, घरात कुणी कॉलेजात जाणारं आहे का? त्यांच्याकडे फोन देता?"

परवा ऐकलेलं हे वाक्य अजून कानातून जात नाही. गुन्हा एवढाच, की लॅपटॉप मागवण्याआधी मी फोनवरच्या विक्रेत्या पोराला एक प्रश्न विचारला. दोन लॅपटॉप, रंग तोच, स्क्रीन तीच, फक्त प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, एकात रायझेन ५ ७५२०यू आणि दुसऱ्यात रायझेन ५ ७५३०यू. फरक काय?

"दहाचा फरक आहे, सर."

"दहा काय?"

"दहा, सर. विसाचे तीस."

"ते मलाही येतं हो. पण ते दहा कशाचे?"

पलीकडे कीबोर्डची टकटक. मग उजळलेला आवाज, "तीसवाला लेटेस्ट आहे, सर."

"आणि वीसवाला?"

"तोही लेटेस्टच आहे, सर."

"मग वीसवाला घ्यायचा कुणी?"

"ज्यांना वीसवाला हवाय त्यांनी, सर."

यावर बोलणार काय? तरी मी चिवट. म्हटलं, "बरं, तुम्ही स्वतः कुठला घ्याल?"

"माझं सगळं मोबाइलवरच होतं, सर."

आणि मग ते कॉलेजचं वाक्य. अहो, मीही कॉलेजात जाऊन आलोय! पण त्याच्या लेखी माझं मॉडेल बंद झालेलं असावं.

रात्री चिडून स्वतःच वाचत बसलो. निघालं ते असं: ७ म्हणजे २०२३ची मालिका, ५ म्हणजे दर्जा, आणि खरी गोम तिसऱ्या आकड्यात. तो २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ची. ३ असेल तर झेन ३, २०२०ची. वीसवाल्यात चार कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, तीसवाल्यात सहा. म्हणजे त्याच्या दहात दोन अख्खे कोअर आणि एक पिढी दडली होती, आणि वर दोघांनाही लेबल एकच, 'रायझेन ५'. शिळ्या कढीला ऊत आणायचा, वर तिला नवा नंबर द्यायचा!

वैतागून इंटेल या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडे वळलो, तर तिथे तऱ्हाच वेगळी. आय५ १२३५यू आणि आय७ १२५५यू, दोघांतही दहाच कोअर. कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.७. पाचाचा सात झाला तो एवढ्यावर. उलट आय५ १२४०पी नावाच्या 'पाचा'त बारा कोअर! इथे पाच सातापेक्षा मोठा असू शकतो. शाळेत मी हेच लिहिलं असतं तर अंगठे धरून उभं केलं असतं. शेवटचं अक्षर आणखी वेगळं. यू म्हणजे वीज कमी खाणारा, एच म्हणजे दणकट आणि तापट. हे सगळं पाठ करायचं कुणी, तर ज्याला फक्त पत्रं टाइप करायची आहेत त्याने. चार कोअर की सहा, हे ठळक अक्षरांत छापायला शाई कमी पडते का? नाही. पण मग वीसवाला खपायचा कसा?

शेवटी तीसवाला मागवला. त्याच फोनवर. पोराने "छान निवड, सर" म्हटलं. वीसवाला मागवला असता तरी हेच म्हणाला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फोन ठेवताच मेसेज आला, 'आमच्या सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या.' चार द्यावेत की पाच? मी लिहून पाठवलं, 'दोन्ही लेटेस्ट आहेत.'