लीड कुणाची?

जुन्या कंपनीतल्या आमच्या ग्रुपवर परवापासून तोच वाद पेटलाय: लीड (म्हणजे माल घेऊ शकतील अशा लोकांची नावं-नंबर) वाया गेल्या त्या कुणामुळे? सेल्सवाले म्हणतात, मार्केटिंग कचरा पाठवतं. मार्केटिंगवाले म्हणतात, सेल्स फोनच लावत नाही. शेवटी एका साहेबांनी तोडगा काढला, ‘मार्केटिंग सेल्सच्या हाताखाली द्या, भांडण मिटेल.’ त्यावर धडाधड अंगठे. मी इथे जर्मनीत बसून, त्यांच्या मध्यरात्री, चिडून लांबलचक उत्तर लिहिलं.

हाताखाली देऊन काय होणार? कोटलर, रॅकहॅम आणि कृष्णस्वामी यांनी २००६ मध्येच हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलंय की या भांडणाला दोन मुळं आहेत, एक पैशाचं आणि दुसरं स्वभावाचं. जाहिरातीवर खर्च झाला की सेल्सला वाटतं, तेवढ्यात आणखी दोन माणसं घेतली असती. एकाचा हिशोब क्वार्टरला संपतो, दुसऱ्याची मोहीम तेव्हा कुठे अंग धरू लागलेली असते. कोण कुणाचा साहेब हे बदलून ते कसं मिटेल?

आमच्याकडे लीड म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंनी एकत्र बसून पानभर लिहून काढलंय. (‘आमच्याकडे’ म्हणजे इथे. हा शब्द कधी फिरला, कळलंच नाही.) पुढे गेलेल्या लीडला एका दिवसात फोन, आणि परत पाठवायची तर कारण लिहून. नुसतं ‘जंक’ चालत नाही. ईमेलमधली लिंक दाबून माणसाने दुजोरा दिला नाही, तर ते नाव आमच्या यादीत येतच नाही. लीड थोड्या येतात, पण विकतच्या नावांची एक्सेल शीट सेल्सच्या अंगावर फेकून हात झटकता येत नाहीत. कुणी किती फोन केले याचा नावानिशी तक्ता लावायचा, तर आधी बेट्रीब्सराटकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या त्यांच्या समितीकडे, जा. त्यामुळे मीटिंगमध्ये कुणाची चामडी लोळवली जात नाही.

एवढं ग्रुपवर लिहिलं. आमची ब्रोशर्स इथल्याही सेल्सवाल्यांना आवडत नाहीत, फक्त ते हळू आवाजात सांगतात, हे लिहिलं नाही. आणि तिकडे सेल्समध्ये असताना एक्झिबिशनहून आलेला कार्डांचा गठ्ठा मी ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि क्वार्टर संपताना, एकही फोन न करता, सगळ्यांपुढे ‘नॉट इंटरेस्टेड’ भरायचे, हेही नाही. बोलणी मार्केटिंगमधली मुलगी खायची. मी गप्प.

मार्केटिंगमध्ये मी हौसेने आलेले नाही. गिऱ्हाईक घुटमळलं की कुठे थांबायचं, कुठे हसायचं, हे मला मराठीत कळायचं, हिंदीत कळायचं. जर्मनमध्ये भाव सांगायला लागले की समोरचा माझं व्याकरण ऐकत बसतो. ब्रोशर निदान कुणाकडून तरी तपासून घेता येतं.

गेल्या महिन्यात भारतातून एक चौकशी आली. ‘फोन करा’ असं खाली स्वतःच लिहिलेलं. नियमाने ती त्याच दिवशी पुढे जायला हवी होती. मी दोन दिवस दाबून ठेवली. तिसऱ्या दिवशी, ऑफिसात कुणी यायच्या आत, मीच फोन लावला. चाळीस मिनिटं बोललो. त्यांनी भाव कमी करायला सांगितला, मी नाही म्हटलं, दोघंही हसलो.

दुपारी सेल्सचा सहकारी टेबलाशी आला. ‘ही लीड माझी होती ना?’ त्याने शांतपणे विचारलं.

माहिती अपुरी होती, मी म्हटलं. आणि लीडच्या नोंदी ठेवतो त्या सीआरएममध्ये कारणाच्या रकान्यातही तेच भरलं.