बैलाचं जू वशिंडाच्या मागं, आणि खाली सगळे 'मस्त भाऊ'

काल रात्रीपासून डोकं तापलं आहे म्हणून लिहितो. अ‍ॅनिमेशनच्या छोट्या फिल्मच्या शेवटी हात जोडलेलं चित्र टाकून "तुमचा प्रामाणिक अभिप्राय नक्की कळवा" असं लिहायचं, आणि कोणी खरंच प्रामाणिकपणे कळवलं की त्याला हेटर ठरवायचं, हे काय चाललंय राजेहो?

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईन आहे, म्हणजे शेताला वीज रात्रीच मिळते. हरभऱ्याचं ओलित सुरू आहे. बारा वाजता मोटर चालू करायची, तीन-साडेतीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढं न्यायचे, मधल्या वेळात मोटरीच्या खोपडीत घोंगडं घेऊन बसायचं. त्या वेळात मी अ‍ॅनिमेशनच्या छोट्या फिल्म बघतो. मोठ्या कंपन्यांच्या नाही, एकट्या-दुकट्या पोट्ट्यांनी नोकरी सांभाळून, घरच्या कॉम्प्युटरवर केलेल्या. तीन वर्षं झाली. बघितली की खाली कमेंटमध्ये लिहितो. कोणत्या मिनिटाला काय आवडलं, कुठं अडलं, सगळं. मिनिट-सेकंद लिहिला की तो आकडा निळा होतो, त्यावर बोट ठेवलं की फिल्म तिथूनच सुरू होते. करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

परवाची फिल्म सहा मिनिटांची. हातानं काढलेली. एक बाप, एक पोरगा, म्हातारा होत आलेला एक बैल, आणि पाऊस नसलेलं साल. गाव आपल्याच भागातलं, तसं सुरुवातीलाच लिहिलेलं. आता हिशेब करा. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. सहा मिनिटांचे 360 सेकंद, म्हणजे 4,320 चित्रं. एका माणसानं! हे माहीत असताना मी तिथं "छान" एवढंच लिहून पुढं जाऊ? मला ते जमत नाही. ज्यानं चार हजार चित्रं काढली त्याला निदान चाळीस ओळी तरी मिळाल्या पाहिजेत.

तर मी लिहिलं. एका बोटानं, गारठलेल्या हातानं, पाऊण तास. पहिल्यांदा 2:14 बद्दल लिहिलं, कारण तिथं मी थांबून तीनदा मागं गेलो होतो. आजी चूल फुंकते, जाळ धरत नाही, धूर एकदम तिच्याच तोंडावर येतो आणि ती मान न वळवता फक्त डोळे बारीक करते. जाळ धरल्यावर उजेड आधी हनुवटीला लागतो, मग गालाला. ज्यानं हे काढलं त्यानं चुलीसमोर बसून पाहिलेलं आहे, असं मी लिहिलं. तो तुकडा कोणत्याही मोठ्या पडद्यावर लावण्याच्या लायकीचा आहे, असंही लिहिलं.

मग बैलाचं लिहिलं. काऊन नाही लिहायचं? फिल्मच बैलाची आहे! जू वशिंडाच्या मागं, पाठीवर ठेवलेलं. जू मानेवर असते, वशिंडाच्या पुढं, म्हणून तर बैल रेटू शकतो. पाठीवरचं जू पहिल्याच हिसक्याला सरकून जाईल. चाल पाहा तर तिरपी, पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय सोबत उचललेला. तो घोड्याचा दुडका झाला. बैल चालताना मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असे पाय पडतात, आणि ओढताना मान खाली जाते, अंगाचं वजन पुढं येते. इथं तो लग्नातल्या घोड्यासारखी मान ताठ करून डवरा, म्हणजे निंदणाचं अवजार, ओढतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी, आणि बैलाच्या तोंडाला मुसकं नाही. मुसकं नसलं तर तो डवरेल की खाईल? वेचणीच्या बाया बोंडच तोडून घेतात, गुलाबाचं फूल तोडावं तशा. बोंड झाडालाच राहते बाप्पा, हाती येतो तो कापूस. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागून लागून नखाजवळची कातडी निघते, ते एकदा दाखवलं असतं तर त्या बाया जिवंत झाल्या असत्या. आणि आवाज! काळ्या मातीत चालताना टॉक टॉक? फरशीवर चालल्यासारखा? ओली असली तर पायाला पाच-पाच किलो चिकटते, वाळली तर भेगांतून ढेकळं फुटतात. टॉक टॉक कधीच नाही.

एक भाषेचंही होतं. पोरगा बापाला म्हणतो, "काय बे बाबा." वऱ्हाडी दाखवायची म्हणून वाक्यामागं 'बे' लावायचा. अरे, 'बे' दोस्ताला म्हणतात. बापाला म्हटलं तर कानाखाली बसते. आमच्याकडं बापाला "बाबा, जेवाले चाला" असं म्हणतात, बस.

यात एक तरी शब्द शिवीचा आहे का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं, "दादा, ही फँटसी आहे, एवढं लॉजिक लावू नका, फील करा." फँटसी? दुष्काळाचं साल दाखवता, कर्जाचा कागद दाखवता, आणि बैलाच्या मानेपाशी आलं की फँटसी? बैल उडाला असता तर मी एक शब्द बोललो नसतो. तो चालतो आहे, आणि त्या चालण्यावरच तर सगळी फिल्म उभी आहे. शेवटी तो लंगडतो तेव्हा माझ्या पोटात कालवलं पाहिजे. पण आधीच तो धड चालत नसेल तर लंगडतो कधी हे मला कसं कळणार?

त्याच्यामागं त्याची फौज आली. "आधी स्वतः एक बनवून दाखव." बैलबाजारात बैलाचं तोंड उघडून दात मोजणारा माणूस काय बैल जन्माला घालून आलेला असतो? "इंडी आहे, सपोर्ट करा." इंडी म्हणजे कंपनीशिवाय, आपल्या जिवावर केलेली. मग मी पाऊण तास काय करत होतो? "त्याच्याकडं बजेट नाही." जू पुढं सरकवायला किती बजेट लागते? लॅटव्हियातल्या एका पोरानं छोटी टीम घेऊन ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर, जे कोणालाही फुकट मिळते त्यावर, 'फ्लो' हा अ‍ॅनिमेशनचा सिनेमा केला आणि 2025 मध्ये ऑस्कर नेलं. त्यातलं मांजर बोलत नाही, पण पाठ वाकवते ती मांजरासारखीच. 1942 च्या 'बॅम्बी'साठी डिस्नेनं स्टुडिओत जिवंत पाडसं आणून ठेवली होती, चित्रकारांना पाहून पाहून काढता यावं म्हणून. अमेरिकेत हरणं आणावी लागली. इथं बैल रस्त्यावर उभा आहे! कोणत्याही तालुक्याच्या बाजारात एक दिवस वही घेऊन बसा, कोणी तिकीट मागत नाही.

मला सगळ्यात जास्त राग मात्र त्या 'मस्त भाऊ'वाल्यांचा आहे. सत्तर-ऐंशी जण. मस्त, कडक, आग, लाल दिल. फिल्म नऊ वाजता टाकली, नऊ वाजून दोन मिनिटांनी एक जण लिहितो, "शेवट पाहून डोळ्यात पाणी आलं." सहा मिनिटांच्या फिल्मचा शेवट दोन मिनिटांत? यातले अर्धे लोक शेतकऱ्याच्या घरचे आहेत, फोटोत मागं ट्रॅक्टर उभा दिसतो. त्यांना जू कुठं असते माहीत नाही? माहीत आहे. फिल्म पाहिलीच नाही, किंवा पाहिली आणि म्हटलं, आपल्याला काय करायचं. तो पोरगा वर्षभर डोळे फोडून चित्रं काढतो आणि तुम्ही त्याला एक अंगठा दाखवून निघून जाता. तो पुढची फिल्मही अशीच काढणार, मग बाहेरचा कोणी जाणकार ती पाहून हसेल, तेव्हा तुमचे लाल दिल काही कामाचे नाहीत.

आणि पोट्ट्यांनो, तुम्हीही ऐका. विचारायचंच असेल तर आधी विचारा. नुसती पेन्सिलची कच्ची चित्रं आवाजावर लावून अ‍ॅनिमॅटिक करता ना, तेव्हा दाखवा एखाद्या शेतकऱ्याला. तेव्हा जू एका मिनिटात पुढं सरकते. रंग, सावल्या, संगीत सगळं झाल्यावर विचारता, आणि कोणी सांगितलं की दुखते. दुखणारच. सिनेमावाल्याकडं निदान दुसरा टेक असतो, तुमच्याकडं फ्रेम पुन्हा काढल्याशिवाय काहीच नसते. मग बारा महिने कोणाला न दाखवता काढत काऊन बसता?

आज सकाळी घरी आलो, चहा घेतला आणि म्हटलं बाबांना दाखवू. फिल्म उघडली तर मी लिहिलेलं सगळं पुसलेलं. नवीन लिहायला गेलो तर लिहिता येत नाही, मला बंदच करून टाकलं. बाबांनी चष्मा लावून पूर्ण फिल्म पाहिली. बैल आला तसे म्हणाले, "याचं जू तं पाठीवर हाये. यानं बैल जुतला नाही कधी." पण 2:14 ला त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "मांगं घे बरं. तुही आजी अशीच फुके."

हे त्या पोराला सांगायचं होतं. कुठं सांगू आता?