तिसरी जोडी येणार कुठून?
तुमच्या लेखातली जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेली प्रजाती, नरतुरंगासारखीच (वर माणसाचं धड आणि दोन हात), पण घोड्याऐवजी खाली चार पायांचं मार्जार शरीर, मला मनापासून आवडली. पण 'माणसाची आणि मांजराची जनुकं एकत्र केली' एवढ्यावर भागवलंत, ते पटलं नाही. दोन हात आणि चार पाय म्हणजे सहा झाले, पण जमिनीवरच्या कणाधारी प्राण्यांचा मूळ आराखडाच चार हातापायांचा. पक्ष्यांचे पंखसुद्धा मुळात पुढचे पायच! त्यामुळे हातापायांची तिसरी जोडी दोघांपैकी कुणाच्याच जनुकांत आयती मिळणार नाही. गर्भात कुठे काय वाढावं हे ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांनाच हात घालावा लागेल.

आहाराचा तर उल्लेखच नाही. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य आहारातून पुरेसं मिळालं नाही तर तिचा डोळ्यातला पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. गोड चव तिला कळत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक जनुक निकामी झालेलं आहे. मग ही प्रजाती पोट कुणाचं घेऊन जन्मते? एवढं मोठं धड माणसाच्या लहानशा जबड्याने पोसायचं, म्हणजे दिवसाचा बराच वेळ खाण्यातच जाणार. पुढच्या भागात हे जरूर येऊ द्या. आणि घडवणाऱ्यांना 'नाही' म्हणायचा हक्क या प्रजातीला आहे की नाही, तेही लिहा.