हाय-टॉप घातले की घोटा मुरगळत नाही?

बास्केटबॉलच्या उन्हाळी शिबिरांची नावनोंदणी सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो. मुलांना घोट्याच्या वर जाणारे हाय-टॉप शूजच घ्या, त्यातही टाचेत हवेची कुशन असलेले. ब्रेस (घोट्याला बांधायचा आधारपट्टा) नको, पाय कमजोर होतो. एवढं करूनही मुरगळलाच तर तेल लावून चोळा, दोन दिवसांत पोर कोर्टवर. यातला शेवटचा भाग सरळसरळ घातक आहे आणि बाकीचेही तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

आधी उंची. रिबाउंड (बास्केट हुकून परत आलेला चेंडू) घेऊन खाली येताना पाय दुसऱ्याच्या पावलावर पडतो, पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा चिवट पट्टा, ताणलं जातं किंवा फाटतं. स्नायू सावरेपर्यंत इजा झालेली असते. तेवढ्या क्षणात अख्ख्या अंगाचं वजन बुटाचं मऊ कॉलर कसं अडवणार? प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हाय-टॉपमुळे पाऊल थोडं कमी वळतं असं दिसलंय, हे मान्य. पण १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या ६२२ खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाय-टॉप, हवा भरायचे हाय-टॉप आणि लो-टॉप असे तीन गट होते, आणि मुरगळण्यात लक्षणीय फरक सापडला नाही. एकूण दुखापती १५च होत्या, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणून तो अभ्यास मी पुढे करणार नाही. पण ‘हाय-टॉपच घ्या’ या हट्टाला त्यातून काडीचाही आधार मिळत नाही.

हवेच्या कुशनबद्दल तर उलटंच दिसतं. मेलबर्नमधल्या खेळाडूंच्या २००१च्या अभ्यासात टाचेत हवेचे कप्पे असलेले शूज घालणाऱ्यांना घोट्याची दुखापत होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. कारण तेच, असं यावरून सिद्ध होत नाही. पण सर्वांत मोठा धोका निघाला तो आधी मुरगळलेल्या घोट्याचा: जवळजवळ पाचपट.

म्हणून दुकानात कॉलर मोजण्यापेक्षा संध्याकाळी, खेळायचे मोजे घालून शूज चढवा. टाच मागे टेकवून लेस शेवटच्या भोकापर्यंत बांधा आणि एका पायावर उडी मारायला लावा. टाच आत वर सरकली तर तो जोड नको. मग बूट हातात घ्या आणि टाच व पुढचा भाग धरून पिळा. मधला भाग सहज पिळला जात असेल तर परत ठेवा. सोल रुंद हवा, टाच फार उंच नको. आपल्याकडची बरीच कोर्टं उघड्यावरची, सिमेंटची. तिथे मऊ रबराची नक्षी लवकर घासते आणि धुळीने ग्रिप जाते. सोल गुळगुळीत झाला की वरून शूज कितीही नवे दिसोत, ते बदलायचे. मुलांना ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून एक नंबर मोठे घेणं तर कृपया थांबवा.

ब्रेसने पाय कमजोर होतो? आठ आठवडे ब्रेस वापरून घोटा सावरणाऱ्या स्नायूची प्रतिक्रिया तपासली गेली, ती मंदावली नव्हती. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १,४६० शाळकरी खेळाडूंच्या अभ्यासात लेसवाला ब्रेस घालणाऱ्यांना घोट्याच्या दुखापती न घालणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांशच झाल्या. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या स्टेफन करीच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर तो ब्रेस घालून खेळला आणि २०१५, २०१६ मध्ये एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरला. त्याने कंबर आणि मांड्यांची ताकदही वाढवली, तेही तितकंच महत्त्वाचं. मुलांना रोज पाच मिनिटं एका पायावर उभं राहून पास झेलायला लावा. जमलं की डोळे मिटून तोल सांभाळायला.

आणि ते चोळणं. ताज्या दुखापतीवर मालीश केलं तर सूज वाढू शकते. बर्फ, दाबपट्टी, पाय उंचावर. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढायलाच हवा. दुखणं थांबलं म्हणजे पोर खेळायला तयार झालं असं नाही: दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतक्याच उड्या मारता आल्या आणि पळता पळता दिशा बदलता आली, तरच त्याला मॅचमध्ये उतरवा.